पेटीतला कागद

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर पत्र्याच्या पेट्या भरायला लागतात. ज्वारी-बाजरी, तिखट-मीठ, दोन-चार भांडी, गोधड्या, कोयते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एके दिवशी पहाटे टोळीचा ट्रॅक्टर येतो आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागातली गावं म्हाताऱ्यांच्या हवाली करून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कुणी सोलापूरकडे, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात बेळगावपर्यंत. परत यायचं ते मार्च-एप्रिलात. या पेटीत ज्या लेकराची फिटची औषधं भरावी लागतात, त्या लेकराबद्दल हे प्रकरण आहे.

या दुखण्याला आपल्याकडे नावं पुष्कळ. फिट, झटका, आकडी, फेफरं, मिरगी. आयुर्वेदात अपस्मार. चरकसंहितेने त्याचे चार प्रकार सांगितले, ते वात, पित्त, कफ आणि तिन्हींच्या एकत्र बिघाडावरून. म्हणजे हा शरीराचा आजार आहे, ही समजूत या मातीत जुनी आहे. तरी आजही लेकराचे डोळे फिरले की पहिला शब्द निघतो तो ‘बाहेरचं’ असा. मग अंगारा, धागा, कांदा, चप्पल. हे करणाऱ्या आजीला मी दोष देत नाही. तिच्या हाताशी तेवढंच असतं आणि झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. कांदा तेव्हा नाकाशी असतो, म्हणून श्रेय कांद्याला जातं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या इशाऱ्यांनी बोलतात. एरवी प्रत्येकीची पाळी ठरलेली. हजारो पेशी पाळी मोडून एकदम बोलू लागल्या की झटका येतो. तो सगळ्या अंगाचा असेलच असं नाही. एकच हात उडेल, ओठ चाटले जातील, नुसती नजर थिजून दहा सेकंद मूल ‘हरवल्यासारखं’ होईल. आणि एकदा फिट आली म्हणजे मिरगी जडली असंही नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना नुसत्या तापात झटका येतो, आणि त्यातली बहुतेक पुढे ठणठणीत राहतात. वरवर काहीही निमित्त नसताना, चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन झटके आले, की डॉक्टर मिरगी हा शब्द वापरतात. मेंदूला आधीच इजा झालेली असेल, तर एका झटक्यानंतरही वापरतात.

ज्या लेकराला आधीच मोठा आजार आहे, त्याच्या फिटकडे मात्र वेगळ्या नजरेने बघावं लागतं. तिथे पहिला प्रश्न ‘कोणतं औषध?’ हा नसतो. ‘आत्ताच का आली?’ हा असतो. हृदयात जन्मजात दोष असून ओठ-नखं निळी पडणारं मूल घ्या. त्याचं काही रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट मेंदूकडे जातं. फुप्फुसाच्या चाळणीत जे जंतू अडकले असते, ते वर पोचतात आणि मेंदूत पू धरू शकतो. अशा मुलाला डोकेदुखी, ताप आणि फिट आली तर त्याच दिवशी स्कॅन व्हायला हवा, नुसतं फिटचं औषध देऊन घरी पाठवायचं नसतं. मूत्रपिंडाच्या आजाराने तोंडावर सूज असलेल्या मुलाला फिट येते ती बरेचदा रक्तदाब चढल्यामुळे. तिथे खरा उपचार दाब उतरवणं. मधुमेहाचं इन्सुलिन घेणारं मूल थरथरलं, घामाघूम झालं, वाकडं झालं, तर आधी बोटाला सुई टोचून साखर बघायची. रक्ताच्या कर्करोगावरच्या काही औषधांनी मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. डोक्यात पाणी साठतं म्हणून नळी बसवलेल्या मुलाला उलट्या, गुंगी आणि झटका एकत्र दिसले, तर नळी तुंबली का, हे तातडीने पाहावं लागतं.

याहून साधी कारणंही आहेत आणि ती आपल्या घरातच घडतात. जुलाब होत असलेल्या बाळाला ओआरएस द्यायचं, हे आता घराघरांत माहीत आहे. पण एक लिटर पाण्याचं पाकीट एका पेल्यात कालवलं, तर बाळाच्या अंगात मीठ वाढतं आणि त्याच मिठाने झटका येतो. पाकिटावर लिहिलेलं एक लिटर म्हणजे खरंच एक लिटर. घरात मोजायला दुसरं काही नसेल तर एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली पुरते. हाडं मऊ पडलेल्या, मुडदूस झालेल्या बाळाला कॅल्शियम कमी पडून फिट येते. अशा बाळाला मिरगीचं औषध वर्षभर पाजलं तरी मूळ कारण तसंच राहतं.

मिरगी असलेल्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचाल बिघडलेली मुलं ही मोठी संख्या. अशा साधारण तीन मुलांमागे एकाला फिटही असतात. त्यांची कहाणी बहुतेकदा जन्माच्या दिवशीच सुरू झालेली असते. बाळ उशिरा रडलं, श्वास अडकला, कावीळ डोक्यात गेली. आणखी एक कारण भारतातल्या बालमेंदूतज्ज्ञांना वारंवार दिसतं, ते म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत साखर उतरणं. आईला दूध उतरलं नाही, बाळाने ओढलं नाही, ते सुस्त पडून राहिलं. घरचे म्हणाले, ‘किती शांत लेकरू हाय.’ त्या शांततेत मेंदूचा मागचा भाग, जिथे दिसण्याचं काम चालतं, तो उपाशी राहतो आणि जखमी होतो. हे मूल सहा-आठ महिन्यांचं झालं की नजर देत नाही आणि त्याला एक विचित्र दचकणं सुरू होतं. नवजात बाळ दूध ओढत नसेल तर त्याची साखर तपासा, हे वाक्य मला प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत लिहिलेलं हवं आहे.

त्या दचकण्याबद्दल थांबून सांगायला हवं. सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं आणि सगळ्यांत कमी लक्ष तिथेच जातं. तीन महिने ते वर्षभराचं बाळ. झोपेतून उठलं की मान आणि कंबर एकदम पुढे वाकते, दोन्ही हात पसरतात, जणू कुणी नमस्कार घालायला लावला. क्षणभरात सुटतं. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा. असं वीस-तीस वेळा, मग बाळ रडतं. आई म्हणते पोटात मुरडा येतोय, आजी ग्राइपवॉटर देते, कुणी बाळ घाबरलंय म्हणून दृष्ट काढतं. फेस नाही, बेशुद्धी नाही, त्यामुळे फिट म्हणून ते कुणाच्या मनातही येत नाही. इंग्लंडमधल्या विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या डॉक्टरने १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हे झटके पहिल्यांदा नीट वर्णन केले. ज्या मुलाचे झटके त्याने लिहिले, तो त्याचा स्वतःचा होता. डॉक्टर असलेल्या बापाला काहीच करता येत नव्हतं, म्हणून तो इतर डॉक्टरांना विचारत होता, तुम्ही कुणी असं पाहिलंय का?

आज त्यावर उपचार आहेत. एसीटीएचची इंजेक्शनं, प्रेडनिसोलोन, व्हिगाबॅट्रिन. पण घड्याळ चालू असतं. महिना-दोन महिने गेले की बाळ शिकलेलं विसरू लागतं. हसणं जातं, मान धरणं जातं. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी एक काम करावं. जवळ जो असेल त्याने मोबाइलवर त्या दचकण्याचं चित्रीकरण करावं. पूर्ण बाळ दिसेल असं, अंगावरची दुपटी काढून, किमान दोन-तीन झटके सापडतील इतका वेळ. डॉक्टरांपुढे बाळ हमखास शांत झोपलेलं असतं. तज्ज्ञाला मिनिटभराच्या चित्रफितीत जे कळतं, ते आईच्या अर्ध्या तासाच्या वर्णनातूनही कळत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, लागतोच, पण तिथवर पोचवते ती ही चित्रफीत.

आता औषधं. ज्याला फक्त मिरगी आहे, त्याचं औषध निवडणं त्यामानाने सोपं. साधारण निम्म्या रुग्णांचे झटके पहिल्याच औषधावर थांबतात. दुसरा आजार असलेल्या मुलाचं मात्र दर औषधामागे गणित बदलतं. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फार उपयोगी औषध, पण यकृताचा आजार असेल किंवा मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर डॉक्टर हात आखडता घेतात. कार्बामाझेपिन एका प्रकारच्या झटक्यांवर उत्तम, तर नजर थिजण्याच्या किंवा अंग टचकन उडण्याच्या झटक्यांत ते उलटू शकतं. लेव्हेटिरॅसिटाम यकृतावर भार टाकत नाही, पण मूत्रपिंड दुबळं असेल तर मात्रा कमी करावी लागते. क्षयाने मेंदूचं आवरण सुजलेल्या मुलाला क्षयाची औषधं आणि फेनिटॉइन एकदम चालू असतात. त्यातलं आयसोनियाझिड फेनिटॉइनला अंगात साठवून ठेवतं, रिफॅम्पिसिन त्याला घाईने बाहेर काढतं. मूल अडखळत चालू लागलं, पेंगू लागलं, तर ते आजाराने की औषध साठल्याने, हे बघावंच लागतं. अतिदक्षता विभागात न्यूमोनियासाठी मेरोपेनेम सुरू केलं, की व्हॅल्प्रोएटचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने कोसळतं आणि महिनोन्‌महिने शांत असलेल्या मुलाला खाटेवरच झटके सुरू होतात.

बीडजवळ पाली येथे इन्फंट इंडिया ही एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळणारी संस्था आहे. अशा मुलांच्या बाबतीत हा ताळमेळ आणखी नाजूक. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही जुनी, स्वस्त औषधं एचआयव्हीवरच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात. म्हणजे फिट आवरायला गेलो आणि विषाणू मोकाट सुटला. अशा मुलासाठी लेव्हेटिरॅसिटामसारखं औषध बरं पडतं. हे सगळं पालकांनी पाठ करायचं नाही. त्यांनी एवढंच करायचं, की कोणत्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी, रिकाम्या पाकिटांसकट, सोबत न्यायची. ‘ते पिवळं औषध’ असं सांगून भागत नाही.

आणि औषध देण्याआधी त्याची बाटली हलवायची. इतकी साधी गोष्ट पुस्तकात कशाला, असं वाटेल. पण फेनिटॉइनचं पातळ औषध पाण्यात साखर विरघळते तसं विरघळलेलं नसतं. त्याचा बारीक गाळ हळूहळू तळाशी बसतो. समजा, गेवराई तालुक्यातली एक सहा वर्षांची मुलगी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, आईने हाक मारली की डोळ्यांनी हसते. आई रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने औषध देते. बाटली मात्र हलवत नाही. पहिले पंधरा दिवस मुलीच्या पोटात वरचं पातळ पाणी जातं, झटके येतात. औषध लागू पडत नाही, असं सगळे म्हणतात. पुढच्या पंधरा दिवसांत तळाचा घट्ट गाळ जातो. मुलगी दिवसभर पेंगते, डोळे हेलकावतात, घास गिळत नाही. औषध फार कडक आहे, असं सगळे म्हणतात आणि ते बंद होतं. औषध तेच, मात्रा तीच. खोट फक्त न हलवलेल्या बाटलीची. चमच्याचंही तसंच. घरातल्या प्रत्येक चमच्याचं पोट वेगळं. बाटलीसोबत मिळणारं मापाचं झाकण, किंवा त्याहून चांगली म्हणजे सुई नसलेली सिरिंज, हेच माप. नाकातून नळी घातलेल्या मुलाला औषध द्यायचं तर गोळी कुटून चालेल का, हे आधी विचारावं. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या, तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

आता ही बाटली फडावर गेली, असं धरा. उसाच्या पाचटाची कोपी. पहाटे तीन-चारला उठायचं, कारण उजाडायच्या आत फडात पोचायचं. रात्री-अपरात्री गाडी भरायला हाक आली की पुन्हा उठायचं. कोपीत एक दिवा लागला की सगळे जागे. मिरगी असलेल्या मेंदूला अपुरी झोप फार जाचते. औषध चुकणं आणि झोप मोडणं, फिट उठवणारी ही दोन मोठी निमित्तं, आणि फडावर दोन्ही एकदम हजर. औषध संपलं तर तालुक्याच्या गावी जायला एक दिवस मोडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक जण गेलं तरी खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. आई दोन दिवस थांबते, बाजाराच्या दिवशी आणू म्हणते. ही आई बेफिकीर नाही. तिच्या दिवसाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत आहे. त्या दोन दिवसांत मात्र मेंदूला औषधाची सवय असते आणि औषध नसतं. एकाएकी थांबलेल्या औषधाने येणारा झटका नेहमीच्या झटक्यापेक्षा लांबू शकतो.

लांबलेला झटका ही खरी आणीबाणी. पाच मिनिटं ही रेघ. पाच मिनिटांत न थांबलेला झटका सहसा आपण होऊन थांबत नाही, आणि अर्ध्या तासापुढे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून झटका सुरू होताच कुणीतरी मोबाइलवर वेळ बघायची. बाकीच्यांनी लेकराला चुलीपासून, कोयत्यापासून, विळ्यापासून बाजूला घ्यायचं. कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ आणि उलटी घशात न जाता बाहेर पडते. डोक्याखाली गोधडीची घडी, गळ्याचं बटण मोकळं. दातांत चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. नळीने दूध चालू असेल तर ते तिथेच बंद. आधी फिट आल्या असतील, तर डॉक्टर मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. किती फवारे, हे वजनावर ठरतं. पाच मिनिटं झाली की तो मारायचा, आणि १०८ ला फोन. झटके लागोपाठ येत असतील, मध्ये मूल शुद्धीवर येत नसेल, किंवा ओठ निळे पडत असतील, तर फवाऱ्याने थांबेल म्हणून वाट बघायची नाही. फवारा फडावर कुणाजवळ आहे, हे टोळीतल्या दोन-तीन बायांना तरी ठाऊक हवं. आई तेव्हा फडाच्या दुसऱ्या टोकाला मोळ्या बांधत असेल.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. आपला भाग दुष्काळी. दारापुढे, कोपीपुढे भरलेले ड्रम, हौद, घागरी. फिट येणारं मूल ओणवं होऊन ड्रममध्ये वाकलं आणि झटका आला, तर आवाजसुद्धा होत नाही. ड्रमवर झाकण आणि झाकणावर दगड. आंघोळ बादलीने, कुणी सोबत असताना. विहिरीवर एकट्याला पाठवायचं नाही.

जिल्ह्यात मोठा आधार अंबाजोगाईचा. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९७४ पासून आहे. परळी, केज, धारूरची माणसं तिकडे वळतात. गेवराईकडची छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातात, आष्टीला अहिल्यानगर जवळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात, आणि झटक्यांचा आजार त्यांच्या यादीत आहे. पण पथक डिसेंबरात गावी आलं आणि मूल कोल्हापुरात असेल, तर हजेरीपटावर फक्त गैरहजर अशी खूण उरते. तपासणीचं वेळापत्रक गाळप हंगाम बघून आखलं जावं, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

दोन औषधं नीट, पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर मोठ्या केंद्रात दाखवायला हवं. काहींना शस्त्रक्रिया लागू पडते, काहींना कीटोजेनिक आहार. हा आहार १९२१ साली अमेरिकेत सुचवला गेला. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पीठ-साखर जवळजवळ नाही. त्याचा सैल केलेला प्रकार आपल्या देशातल्या मुलांवर वापरून पाहिलेला आहे. त्यातही सुरुवातीला दिवसाला दहा ग्रॅमच पिष्टमय पदार्थ चालतात. ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या तिप्पट तरी असतात. भाकरीवर वाढणाऱ्या घरात भाकरी बंद करायची, म्हणजे आहारतज्ज्ञ सोबत हवाच. काही चयापचयाच्या आजारांत हा आहार घातकही ठरतो. यूट्यूब बघून तो सुरू करू नये.

आता पेटीतला तो कागद. गाव सोडण्याआधी डॉक्टरांकडून एका पानावर, मराठीत, लिहून घ्यायचा. मुलाचं नाव आणि वजन. मूळ आजार कोणता. फिट कशी दिसते. कोणतं औषध, किती मिली, किती वाजता. कोणती औषधं चालत नाहीत. फवारा किती मिनिटांनी, किती. कोणत्या डॉक्टरला फोन करायचा. आणि सहा महिन्यांचं औषध, निदान तीन महिन्यांचं तरी, त्याच कंपनीचं. कागदाला प्लॅस्टिकची पिशवी, एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली, आणि एक फोटो बापाच्या मोबाइलमध्ये. सांगलीतल्या किंवा बेळगावातल्या ज्या डॉक्टरने हे मूल आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, त्याला रात्री दोन वाजता हा कागद दोन मिनिटांत सगळं सांगतो. कागद नसेल तर तो डॉक्टर शून्यापासून सुरुवात करतो. कधी आधीचंच औषध दुप्पट होतं, कधी नेमकं उलटणारं दिलं जातं.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात. पेटी उतरते, कोपीतला धुरकट वास घरभर पसरतो. लेकराला घेऊन आई अंगणवाडीत जाते, ताई त्याला वजनकाट्यावर धरते. बारा किलोंचं लेकरू आता चौदा किलोंचं झालेलं असतं. कागदावरची मात्रा बारा किलोंची आहे. ताई पेन घेऊन कागदावर आजची तारीख घालते, बाराच्या पुढे चौदा लिहिते आणि आईला सांगते, ‘माय, सोमवारी डॉक्टरकडं हे दाखव.’